नाशिकच्या उपनगरांत पैसे मोजून जेवायला जावं अशी ठिकाणं कोणती?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्याहून बदली होऊन पाथर्डी फाट्याला राहायला आलात, आई-वडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, मुंबई-पुण्याची आणि घरची मिळून पंधरा-सोळा माणसं जमणार. निम्मी शाकाहारी, चार-पाच वाइन घेणारी, आणि एक आजी. मेन रोड, रविवार कारंजाच्या गर्दीत गाड्या घालायच्या नाहीत. उपनगरात किंवा शहराच्या कडेला, जरा उंची, लक्षात राहील असं कुठं न्यावं, आणि मोजलेल्या पैशांचं चीज नक्की कुठं होतं?

मी हॉटेल लाइनमधला माणूस. सुरुवात भटारखान्यात झाली, मग बँक्वेट सांभाळलं, आणि आता नव्या रेस्टॉरंटांना मेनू बसवून देणं, स्टाफ तयार करणं हे काम करतो. त्यामुळे नुसती नावं देऊन थांबवत नाही, उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. नाशिकमध्ये महाग जेवण दोन तऱ्हेचं मिळतं. एक म्हणजे पुण्यात बाणेरला किंवा मुंबईत पवईला मिळतं तेच: एसी, मंद दिवे, दाल मखनी, पनीर टिक्का, थाय करी, शेवटी सिझलिंग ब्राउनी. हे कॉलेज रोडला आहे, गोविंदनगरला आहे, इंदिरानगरलाही आहे. वाईट असतं असं नाही, काही ठिकाणी खूप नीट करतात. पण तुमचे पाहुणे तेच सोडून इकडे येणार आहेत. दुसरी तऱ्हा नाशिकशिवाय कुठंच मिळत नाही. द्राक्षबागेच्या काठावर बसून, जिथं वाइन झाली तिथंच ती पिणं आणि समोर गंगापूर धरणाचं पाणी. किंवा आनंदवलीच्या बाजूला मटण-भाकरी. माझ्या मते जास्तीचे पैसे फक्त या दुसऱ्या तऱ्हेसाठी मोजावेत. आणि ही सगळी ठिकाणं जवळपास एकाच रस्त्यावर आहेत: जेहान सर्कलपासून गंगापूर रोड धरा, आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन, मग सावरगाव आणि गंगावऱ्हे. तुम्हाला पाथर्डी फाट्यावरून गावात शिरायची गरजच नाही. अंबड लिंक रोडनं सातपूर, तिथून बारदान फाट्यावरून गंगापूर रोडला लागा.

पहिलं नाव अर्थातच सुला ही वायनरी, म्हणजे वाइन तयार करण्याची जागा. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर परत आले, १९९९ मध्ये सुला उभी राहिली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. तोवर नाशिकचं द्राक्ष म्हणजे थॉमसन सीडलेस, खायचं. इथं सॉविन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावून वाइन करता येते हे त्यांनी दाखवलं. २००१ मध्ये राज्य सरकारचं वाइन धोरण आलं आणि मग दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या. २००५ मध्ये सुलानं टेस्टिंग रूम उघडली. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण त्या आधी वायनरीत जाऊन, चव घेऊन, मग बाटली विकत घ्यायची ही पद्धतच आपल्याकडे नव्हती. नाशिकमधल्या कितीतरी पोरांना वेटरच्या पुढची वाट या उद्योगानं दाखवली. वाइन ओतताना बोलायचं कसं, पाहुण्याला न लाजवता समजावून कसं सांगायचं, हे ती इथं शिकली आणि नंतर गोवा, मुंबईत मोठ्या हॉटेलांत गेली. मला याचं मनापासून कौतुक आहे.

आता जेवणाचं. सुलाच्या आवारात 'लिटल इटली' आहे, पूर्ण शाकाहारी इटालियन. तुमच्या निम्म्या शाकाहारी मंडळींना इथं तडजोड केल्यासारखं वाटणार नाही, कारण सगळा मेनूच त्यांचा आहे. भारतीय जेवणाची सोय वेगळी आहे. लाकडी भट्टीतला पातळ पिझ्झा आणि थंड सॉविन्यों ब्लांक ही जोडी मला अजूनही आवडते. मात्र पास्ता मागवताना कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला, स्पष्ट सांगा की थोडा कणीदार ठेवा की पूर्ण शिजवलेला हवा. इटालियन पद्धतीनं दाताला लागेल असा दिला की आपली ज्येष्ठ मंडळी 'कच्चा राहिलाय' म्हणून परत पाठवतात आणि टेबलावर उगाच हिरमोड होतो.

सुलाची अडचण एकच, गर्दी. शनिवार-रविवारी, विशेषतः डिसेंबर ते मार्च, मुंबईची गाडी आणि गाडी इकडे वळते. त्या गर्दीत सोळा जणांचं टेबल म्हणजे तुमचंही हाल आणि स्टाफचंही. तुमचा कार्यक्रम मंगळवार-बुधवारी बसवता आला तर तेच ठिकाण वेगळं वाटेल. शक्य नसेल तर सकाळी उघडताना पोहोचा. टेस्टिंग आधी उरका, कारण जेवल्यावर जीभ बोथट होते आणि लहान लहान घोटांतला फरक कळत नाही. टेस्टिंगला फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड असा क्रम असतो. तो मोडू नका. लाल आधी घेतली की मागून येणारी पांढरी पाण्यासारखी लागते.

बाग बघायला म्हणून जाणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. दोन्ही छाटण्यांनंतर काही दिवस बाग उघडी दिसते, नुसत्या काड्या. त्या दिवसांत आलेले लोक 'फोटोत दाखवतात तसं काही नाही' म्हणत परत जातात. घड बघायचे असतील तर जानेवारी अखेर ते मार्च सुरुवात, हा तोडणीचा काळ. नुसती हिरवाई हवी असेल तर पावसाळा उत्तम, आणि पावसाळ्यात गर्दीही निम्मी.

माझी स्वतःची पहिली पसंती मात्र सुलाच्या पुढं, गंगावऱ्ह्याकडे जाताना लागणारी यॉर्क वायनरी. ही गुरनानी कुटुंबानं उभी केलेली छोटी वायनरी, २०२१ मध्ये सुलानं विकत घेतली. तिथलं 'सेलर डोअर' हे रेस्टॉरंट गंगापूर धरणाच्या जलाशयाकडं तोंड करून आहे. समोर पाणी, पलीकडे डोंगरांची रांग. संध्याकाळी चार-साडेचारला तिथं बसलं आणि हळूहळू ऊन उतरताना पाहिलं की दुसरं काही सुचत नाही. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालेलं, मातीचं, नाशिकची तहान भागवणारं. या पाण्यावरच आजूबाजूच्या बागा उभ्या आहेत, हे पाहुण्यांना सांगा. ग्लासात काय आहे ते समोरच्या देखाव्याशी जोडलं गेलं की जेवण नुसतं महागडं जेवण राहत नाही.

यॉर्कचा मेनू सुलाच्या मानानं आटोपशीर, आणि माझ्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. इथं मोठं ताट भरून जेवायला जाऊ नका. मधे ठेवून सगळ्यांनी वाटून खायच्या चार-पाच प्लेट, सोबत बाटली, आणि भरपूर वेळ. सोमा वाइन व्हिलेज याच पट्ट्यात आहे. राहायची सोय हवी असेल तर तेही बघा, पण निव्वळ जेवायला म्हणून मी यॉर्क निवडेन.

वाइन आणि आपलं तिखट जेवण यावर थोडं थांबतो, कारण इथं बहुतेक जण पैसे वाया घालवतात. लाल म्हणजे भारी, या समजुतीनं महागातली शिराझ ही लाल वाइन मागवतात आणि बरोबर कोल्हापुरी किंवा आंध्र चिकन. लाल वाइनचा तुरटपणा आणि मिरची एकमेकांना चेव आणतात. तोंड पेटतं, वाइन कडवट लागते, आणि 'आपल्याला वाइन मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो. तिखटाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लांक किंवा रोझे घ्या, थंडगार. शिराझ ठेवा भाजलेल्या मटणाला, कबाबला, फार तिखट नसलेल्या काळ्या मसाल्याला. जेवण झाल्यावर लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड शेनिनचा छोटा ग्लास आणि श्रीखंड मिळालं, तर आजीसुद्धा एक घोट मागेल.

आणि तापमान. लाल वाइन टेबलावर आली की ग्लासच्या पोटाला हात लावून बघा. कोमट लागला तर परत द्यायला संकोचू नका. 'रूम टेंपरेचर' हा शब्द युरोपातल्या थंड घरांसाठी आहे, तिथं खोली १६ ते १८ अंशांची. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. तेवढ्या उबेत शिराझ नुसती अल्कोहोलचा वास मारते. कॅप्टनला म्हणा, 'बाटली पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवा.' जाणता स्टाफ याला नाक मुरडत नाही. पांढरीचं उलट होतं. ती कधीकधी इतकी गार येते की वासच बंद होतो. ग्लासात ओतून पाच-दहा मिनिटं थांबा, मग नाकाशी न्या. पेरू, लिंबाची साल असं काहीतरी हळूहळू उघडत येईल. बाटलीला बूच नसून फिरकीचं झाकण आहे म्हणून मुंबईचा कोणी नाक मुरडेल, तर त्याला सांगा की आपल्या उष्ण हवेत फिरकीचं झाकण वाइनला जास्त सुरक्षित ठेवतं.

आता दुसरं टोक. आनंदवलीत गंगापूर रोडपासून आत 'दिवट्या बुधल्या वाडा' आहे. तुम्ही म्हणाल, प्रश्न उंची रेस्टॉरंटचा आणि हे काय? पांढऱ्या टेबलक्लॉथला आणि पाच प्रकारच्या चमच्यांना उंची म्हणायचं असेल तर हे त्यात बसत नाही. पण मुंबईहून येणाऱ्या, सगळं खाऊन बसलेल्या माणसाला नाशिकमध्ये एकच जेवण घालायचं झालं तर मी त्याला इथं नेईन. मोकळ्यावर बसायचं, मटण किंवा चिकनची थाळी, भाकरी, रस्सा, कांदा-लिंबू. सुटीच्या दिवशी वाट बघावी लागते, बघावी.

अशा ठिकाणी चांगलं-वाईट कसं ओळखायचं? रश्शाकडे बघा. आपल्याकडच्या काळ्या मसाल्यात सुकं खोबरं आणि कांदा जवळजवळ काळा होईपर्यंत भाजतात, वर दगडफूल, धने, खसखस, तीळ. भाजणं नीट जमलं असेल तर रस्सा काळपट तपकिरी असतो, वर तेलाचा तवंग पातळ आणि स्वच्छ, आणि पहिल्या घोटाला खोबऱ्याचा भाजका वास आधी येतो, तिखट मागून. रस्सा लालभडक, तवंग बोटभर जाड, आणि तिखट सगळ्यात आधी, असं असेल तर समजा की भाजायचा वेळ वाचवून मिरची पावडर आणि रंगावर काम भागवलंय. मटणाचा तुकडा हाडापासून बोटानं सुटला पाहिजे, पण तुकड्याचा आकार टिकला पाहिजे. चोथा झाला असेल तर ते सकाळचं, पुन्हा पुन्हा गरम केलेलं आहे. भाकरी ताटात आली की मधोमध मोडा. वाफ निघाली पाहिजे, पापुद्रा सुटला पाहिजे. हिवाळ्यात बाजरीची मागा, उन्हाळ्यात ज्वारीची.

आजीसाठी आणि लहान मुलांसाठी 'अळणी' मागा, म्हणजे मसाला घालायच्या आधी काढून ठेवलेला, नुसत्या हळद-मिठातला रस्सा. बऱ्याच जणांना तो मागता येतो हेच ठाऊक नसतं, आणि बिचारी पोरं दही-भातावर उठतात. शाकाहारी मंडळींसाठी मटण-भाकरीच्या ठिकाणी शेवभाजी, पिठलं, भरीत असं काहीतरी बहुधा असतंच, पण ती त्यांची मेजवानी होणार नाही. त्यामुळे तुमचा मुख्य कार्यक्रम इथं ठेवू नका. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी फक्त सामिष मंडळींना घेऊन जा.

मोठ्या हॉटेलांबद्दल लवकर सांगतो. तुमच्या अगदी जवळ, अंबडला मुंबई-आग्रा महामार्गावर ताजचं गेटवे आहे, पाथर्डी फाट्यालाच रॅडिसन ब्लू आणि एक्सप्रेस इन. जेवणात चकित करणारं फारसं काही मिळणार नाही, पण चाकाची खुर्ची आत जाते, स्वच्छतागृह जवळ असतं, पाऊस-ऊन लागत नाही, आणि सोळा माणसांची ऑर्डर एकदम आली तरी भटारखाना गडबडत नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर या गोष्टींची किंमत मोठी असते. गेटवेची बाग जुनी, शांत आहे. आजींना प्रवास झेपणार नसेल तर बेधडक इथंच करा. एकच सूचना: बुफे घेणार असाल तर तो लावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जेवा, नंतर नान चिवट होते आणि भात कडेनं वाळतो. अ ला कार्ट, म्हणजे मेनूवरून एकेक डिश, घेतलंत तर डिशेस कमी निवडा आणि प्रत्येकाच्या जास्त प्लेट मागवा. सोळा जणांनी सोळा वेगळ्या गोष्टी मागवल्या की पहिली प्लेट येते तेव्हा शेवटच्याचा केओटी (भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) अजून रांगेत असतो.

मुंबईचे पाहुणे महामार्गानं येणार असतील तर आणखी एक वाट आहे. घोटी सोडून वाडीवऱ्ह्याकडे येताना आत सांजेगावच्या बाजूला व्हॅलोने ही छोटी वायनरी आहे, मुकणे धरणाच्या परिसरात. इगतपुरीचा पाऊस आणि भातखाचरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी हा वळसा घेण्यासारखा आहे. पण छोटं ठिकाण, फोन न करता जाऊ नका.

नाशिकरोड आणि देवळाली कॅम्पकडे मी तुम्हाला पाठवत नाही. देवळालीची हवा आणि जुने बंगले मला फार प्रिय आहेत, पण तिथली मजा साध्या खाण्यात आहे, या कार्यक्रमासाठी नाही.

वर दिलेल्या नावांपलीकडे तुम्ही स्वतः नवं ठिकाण शोधणार असाल, कारण गंगापूर रोडला दर काही महिन्यांनी एखादं उघडतं, तर मेनूकार्डवरून बरंच कळतं. दीडशे-दोनशे पदार्थांचा मेनू दिसला की सावध व्हा. एवढे पदार्थ कोणीही ताजे करत नाही. आतलं गणित असं असतं: लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन बेस ग्रेव्ही सकाळी करून ठेवायच्या आणि ऑर्डर आली की त्यातून चाळीस नावं काढायची. कढई पनीर, पनीर बटर मसाला, पनीर लबाबदार, तिन्हींचा उगम एकाच पातेल्यात. साध्या हॉटेलात हे ठीक आहे, दर तसे असतात. पण माणशी दुप्पट-तिप्पट घेणाऱ्या ठिकाणी मी ते सहन करणार नाही. मेनू दोन पानांचा असेल आणि 'आज ताजं काय आलंय?' या प्रश्नाला स्टुअर्डनं आत जाऊन विचारून उत्तर दिलं, तर तिथं बसा. मासे मागवणार असाल तर ते कुठले आणि कोणत्या वारी येतात ते विचारा. नाशिकला समुद्र नाही, चांगला पापलेट मुंबईहूनच येतो, आणि प्रामाणिक ठिकाण हे लपवत नाही.

माझी एक जुनी खंत इथं मांडतो. नाशिकच्या महागड्या टेबलांवर नाशिक फार कमी दिसतं. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात नागली (नाचणी) पिकते, वरई पिकते. इगतपुरीचा इंद्रायणी तांदूळ शिजला की घरभर वास सुटतो. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात येते. पिंपळगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा देशभर जातो. आणि मेनूवर काय? परदेशी शतावरी, किन्वा, डब्यातलं ऑलिव्ह. मी मेनू बसवायला बसतो तेव्हा नागलीचा एक तरी पदार्थ घालायचा आग्रह धरतो. नागलीची पातळ कुरकुरीत भाकरी, वर लसणाचं लोणी आणि भाजलेला टोमॅटो, सोबत शेनिन. कुठल्याही इटालियन ब्रुस्केटाच्या तोडीस तोड लागतं. मालक बहुधा म्हणतात, 'भाकरीला एवढे पैसे कोण देईल?' देतात हो लोक. नीट करून, नीट सांगून वाढली तर आनंदानं देतात. तुम्ही जिथं जाल तिथं 'नागलीचं काही आहे का?' एवढं विचारा. दहा टेबलांनी विचारलं की अकराव्या दिवशी मेनूवर येतं.

बिलाचं एकदा नीट समजून घ्या. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असू शकतो. सोळा जणांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून बुकिंग करतानाच विचारा. वाइनवर जीएसटी नसतो, व्हॅट वेगळा लागतो. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. बिलात आपोआप लागला असेल तर काढायला सांगता येतो. मात्र ज्या पोरानं तीन तास तुमच्या आजीकडे लक्ष दिलं, त्याच्या हातात टिप जरूर ठेवा.

वाइनसाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण लागतं. चुलतभावंडांत कोणी कॉलेजचं असेल तर त्याला ओळखपत्रावरून टेबलावर अवघडायला लावू नका, आधीच सांगून ठेवा. तारीख ड्राय डेला येत नाही ना तेही बघा, उदाहरणार्थ २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी-कार्तिकी एकादशी, शिवाय निवडणुकीचे दिवस. वायनरीत असलात तरी त्या दिवशी वाइन मिळणार नाही.

आणि गाडीचं मी फार गांभीर्यानं सांगतोय. सावरगाव-गंगावऱ्ह्याचा रस्ता रात्री अंधारा असतो, वळणं आहेत, मधेच बैलगाडी किंवा दिवा नसलेली दुचाकी येते. कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा, पहिल्याच गुन्ह्याला दंड १०,००० रुपयांपर्यंत आणि कैदही होऊ शकते. टेस्टिंगच्या लहान लहान घोटांची बेरीज कोणी करत नाही, ती सहज मर्यादेपलीकडे जाते. त्या भागातून परतीची ओला-उबर मिळेलच याचा भरवसा नसतो. दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट टेंपो ट्रॅव्हलर ठरवा. सोळा जणांना एकच गाडी पुरते आणि सगळे एकत्र गप्पा मारत जातात. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरभर रस्त्यांची कामं निघतायत, त्यामुळे नेहमीपेक्षा अर्धा तास हाताशी ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर असं बसवलं असतं. शनिवारी सकाळी वाइन घेणारे चार-पाच जण सुलाला टेस्टिंगला पुढं. बाकीचे सोमेश्वरला दर्शन आणि नदीवरचा धबधबा बघून, दीडच्या सुमारास सगळे सुलात शाकाहारी इटालियन जेवणाला. तिथून यॉर्क, संध्याकाळी धरणाकडे तोंड करून केक, फसफसणाऱ्या वाइनची एक बाटली आणि थोडं खाणं. रात्री घरी वरण-भात, दुसरं काही नको. रविवारी सकाळी बारदान फाट्याजवळ साधनाची चुलीवरची मिसळ, लवकर गेलात तर रांग कमी. दुपारी सामिष मंडळी वाड्यावर मटणाला, बाकीची घरी आराम. आजींना दिवसभर बाहेर राहणं झेपणार नसेल तर शनिवारची दुपार गेटवेला हलवा आणि यॉर्कला त्यांना फक्त संध्याकाळी आणा.

बुकिंग फोनवरच करा आणि चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. टेबल कडेचं, देखाव्याच्या बाजूचं मिळणार का, की सोळा जण म्हणून आतल्या हॉलमध्ये टाकणार? पायऱ्या किती, आजींना चढाव्या लागतील का? टेबल किती वेळ तुमचं, कारण गर्दीच्या दिवशी दोन तासांत टेबल फिरवतात. आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या, आदल्या दिवशी त्यालाच पुन्हा फोन लावा. केक बाहेरून आणणार असाल तर तेही याच फोनवर विचारा, काही ठिकाणी बाहेरचं काहीच आत नेऊ देत नाहीत.